ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस

आधी ग्लासभर पाणी पी, मग वाच. काल रात्री साडेअकराला तुझा मेसेज आला, ‘ताई, जागी आहेस का?’ आणि पाठोपाठ त्या नोटिशीचा फोटो. तिरका काढलेला, अर्धा अंधारात, वर तुझ्या अंगठ्याची सावली. खरं सांगू का, ‘रिमूव्हल’, म्हणजे देशाबाहेर काढणं, हा शब्द वाचून माझ्याही पोटात गोळा आला. मग चष्मा लावून तारखा वाचल्या आणि जीव जरा भांड्यात पडला. तो का पडला, तेच सांगायला बसलेय.

मी वकील नाही, हे तुला माहीतच आहे. पण डॅलसला एका इमिग्रेशन वकिलाकडे अकरा वर्षं फाइली लावल्यात, त्यामुळे कुठल्या कागदाला किती घाबरायचं एवढं कळतं. उरलेलं वकीलच सांगेल, आणि तो तू या आठवड्यात गाठायचास. ‘बघते गं पुढच्या महिन्यात’ हे मला चालणार नाही.

आता बघ, तुझा पहिला प्रश्न: ‘केस तर डिसमिस झाली होती ना, मग हे कुठून उपटलं?’ तुझ्यासारख्या कितीजणी याच एका शब्दावर विसंबून राहिल्या. २०२० साली तू त्या दुकानातल्या चोरीच्या केसमध्ये कोर्टात ‘नो कॉन्टेस्ट’ म्हणालीस. न्यायाधीशांनी तुला दोषी ठरवणं पुढे ढकललं, बारा महिने देखरेखीखाली ठेवलं, ते तू नीट पाळलंस आणि २०२१ मध्ये केस निकालात निघाली. टेक्सासमध्ये याला डिफर्ड अ‍ॅडज्युडिकेशन म्हणतात. टेक्सासच्या हिशेबात तुझ्यावर दोष लागला नाही, हे खरंच आहे. तुला तेव्हाच्या वकिलाने खोटं सांगितलं नाही. अर्धं सांगितलं.

इमिग्रेशनवाल्यांची वही वेगळी आहे गं. १९९६ मध्ये अमेरिकेच्या संसदेने कायदा बदलला आणि ‘दोषी ठरणं’ म्हणजे काय याची व्याख्याच तिथे लिहून ठेवली. तू गुन्हा कबूल केलास किंवा ‘नो कॉन्टेस्ट’ म्हणालीस, आणि न्यायाधीशाने तुझ्यावर कसलंही बंधन घातलं, दंड म्हण, देखरेख म्हण, वर्ग म्हण, की यांच्या वहीत तू दोषी. पुढे राज्याने केस मिटवली, रेकॉर्ड झाकून ठेवलं, तरी यांच्या पानावरची शाई पुसली जात नाही. शिवाय बोटांचे ठसे सगळीकडे पोचलेले असतात. तेव्हा विमानतळावरच्या त्या अधिकाऱ्याने तुझ्याशी दुष्टावा केला असं मनात धरू नकोस. त्याच्या पडद्यावर ते होतंच.

मग इतकी वर्षं कुणी काही बोललं नाही, आणि पुण्याहून परत येतानाच का धरलं? ग्रीन कार्डवाला माणूस बाहेरून आला, की एरवी त्याला घरातलाच समजून आत घेतात. पण अंगावर विशिष्ट गुन्हे असले, तर जणू पहिल्यांदाच दार वाजवतोय असं धरून त्याची चौकशी करतात. आईच्या ऑपरेशनला गेलीस ते बरोबरच केलंस. पण आता ही केस संपेपर्यंत देशाबाहेर पाऊल टाकायचं नाही. भाच्याची मुंज असो नाहीतर सख्ख्या दिराचं लग्न.

आता जरा नाजूक गोष्ट. तू मला फोनवर एकाच केसचं सांगितलंस, या वरच्याच, डिसेंबर २०१९ मधल्या चोरीचं. नोटिशीत दोन आहेत. २०१७ ची ती लिपस्टिक आणि क्रीम, शंभर डॉलरच्या आतली. पोलिसाने तिकीट दिलं, तू दंड भरलास आणि गाडीच्या तिकिटासारखं विसरून गेलीस. मला ते कळलं म्हणून मी रागावले नाहीये. पण बघ, तुझ्या सगळ्या प्रकरणाची गाठ तिथेच आहे.

टेक्सासमध्ये शंभर डॉलरच्या आतली चोरी म्हणजे क्लास सी, नुसता दंड. शंभर ते साडेसातशे म्हणजे क्लास बी, जास्तीत जास्त १८० दिवस तुरुंग. तुझी दुसरी या खणातली. एवढी एकच असती, तर क्षुल्लक गुन्ह्याची एक सवलत आहे: शिक्षेची कमाल मर्यादा एक वर्षापेक्षा जास्त नको आणि प्रत्यक्ष शिक्षा सहा महिन्यांहून जास्त नको. त्यात तू बसली असतीस आणि बहुधा ही नोटीस आलीच नसती. पण ती सवलत एकाच गुन्ह्यापुरती. चोरी हा त्यांच्या भाषेत ‘मॉरल टर्पिट्यूड’चा, म्हणजे नीतीला काळिमा फासणारा गुन्हा, आणि असे दोन झाले की ग्रीन कार्डवालासुद्धा डिपोर्टेशनच्या रांगेत येतो. खिडकीत दंड भरून मिटवलेलं ते तिकीट दोन वर्षांनी दुसऱ्या केसला येऊन चिकटलं, ते असं.

म्हणून वकिलासमोर बसशील तेव्हा दोन्ही सांगायच्या. तिसरी असेल तर तीही. लाज बाहेर चपलांशेजारी काढून ठेवायची. ताकाला जाऊन भांडं लपवणारे इतके बघितलेत मी! फी भरतात, तासभर बोलतात, नेमकी तीच गोष्ट गिळतात आणि मग सुनावणीत सरकारी वकील ती काढतो. वकील बिचारा तोंडात मारल्यासारखा उभा.

आता जीव भांड्यात पडला तो का, ते ऐक. तुझ्यासारखीसाठी कायद्यात एक सुटकेची वाट आहे, कॅन्सलेशन ऑफ रिमूव्हल. अटी तीन. ग्रीन कार्ड मिळून पाच वर्षं झालेली हवीत. कुठल्याही व्हिसावर रीतसर आत आल्यापासून सात वर्षं सलग इथे राहिलेली असावीस. आणि ‘अ‍ॅग्रॅव्हेटेड फेलनी’ नावाच्या मोठ्या गुन्ह्यात दोषी ठरलेली नसावीस.

पाच वर्षांचं सोपं आहे. ग्रीन कार्ड २०१६ चं, ती झाली. हे घड्याळ गुन्ह्याने थांबत नाही. थांबतं ते सात वर्षांचं, आणि भल्याभल्यांची फसगत तिथेच होते. गुन्हा नोटिशीच्या आधीचा असेल, तर त्या मोजणीत नोटीस आली तो दिवस धरत नाहीत, शिक्षा झाली तोही नाही. ज्या गुन्ह्याने तू त्यांच्या यादीत गेलीस, तो गुन्हा ज्या दिवशी केलास त्या दिवशी घड्याळ बंद. २०२० मध्ये बार्टन नावाच्या माणसाचा खटला सुप्रीम कोर्टात गेला होता. लहानपणी जमैकातून आलेला, ग्रीन कार्डवाला, वर्षानुवर्षं इथेच. पण आल्यापासून सात वर्षं भरायच्या आतच हातून गुन्हा घडला होता. पाच विरुद्ध चार मतांनी तो हरला. पुढे तो किती वर्षं इथे राहिला, याला त्या मोजणीत काही किंमतच नव्हती.

तुझं बघ. तू एच-४ वर, नवऱ्यामागे मिळणाऱ्या व्हिसावर, आलीस जून २०११ मध्ये. पहिलं तिकीट २०१७ चं. ते एकटं क्षुल्लक म्हणून सुटतं, त्यामुळे त्याने घड्याळ थांबत नाही. दुसरं डिसेंबर २०१९ चं, त्याने थांबतं. जून २०११ ते डिसेंबर २०१९ म्हणजे साडेआठ वर्षं. सात भरली, वर दीड उरलं. हेच दुसरं प्रकरण दोन वर्षं आधी घडलं असतं, तर मी आज हे इतक्या निवांतपणे लिहीत बसले नसते.

आणि तारखांवरून माझी फजिती सांगते, म्हणजे तू ती करणार नाहीस. ऑफिसात लागून मला महिनाही झाला नव्हता. एका क्लायंटच्या सगळ्या तारखा मी आपल्या शाळेत शिकवल्यासारख्या लिहिल्या, आधी दिवस, मग महिना. त्याचा ७ मार्चचा गुन्हा झाला ३ जुलैचा! सात वर्षांचा हिशेब तेवढ्याने इकडचा तिकडे गेला. आमच्या साहेबांनी तो कागद दोन बोटांत धरून माझ्याकडे असं काही बघितलं की मी पुढचे चार दिवस डबासुद्धा खाली गाडीत बसून खाल्ला. तेव्हापासून मी महिना अक्षरात लिहिते. तूही लिही. जून म्हणजे जून.

तिसरी अट. तुझा दुसरा मेसेज आला पहाटे सव्वातीनला: ‘ताई, कागदावर बारा महिने लिहिलंय, एक वर्ष म्हणजे संपलंच ना सगळं?’ कुणाकडून ऐकलंस हे? ऐकलंस ते अर्धं बरोबर आहे. चोरीच्या गुन्ह्यात एक वर्ष किंवा त्याहून जास्त कैद सुनावली, तर ती अ‍ॅग्रॅव्हेटेड फेलनी होते. नाव भयंकर, पण त्यात राज्याच्या दृष्टीने किरकोळ असलेले गुन्हेसुद्धा बसू शकतात. कैद सुनावून स्थगित केली, माणसाने एक रात्रही कोठडीत काढली नाही, तरी ते वर्ष मोजतात. एका दिवसाने संसार मोडतात म्हणून तर कॅलिफोर्नियाने आणि नंतर न्यूयॉर्कने किरकोळ गुन्ह्यांची कमाल शिक्षा ३६५ वरून ३६४ दिवसांवर आणली. हसू नकोस, खरंच आणली.

पण तुझे बारा महिने कैदेचे नाहीतच गं. ते देखरेखीचे आहेत. डिफर्डमध्ये कैद सुनावलेलीच नसते, आणि तुझ्या क्लास बी गुन्ह्याला वर्षाची कैद सुनावताही आली नसती. उठ, आपला कागद काढ, ‘बारा महिने’च्या आधी काय लिहिलंय ते वाच. ‘कम्युनिटी सुपरव्हिजन’ लिहिलंय ना? मग आज रात्री झोप.

मात्र हे तोंडी सांगून भागत नाही. २०२१ मध्ये पेरेडा नावाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलं: गुन्ह्याचे कागद संदिग्ध असले, तर संशयाचा फायदा तुम्हाला नाही. सवलत तुम्ही मागताय, तेव्हा आड येणारा गुन्हा केलेला नाही हे दाखवायचं तुम्हीच. म्हणून दोन्ही केसचे शिक्क्यानिशी कागद आण. क्लास सीचे म्युनिसिपल कोर्टातून, दुसरे काउंटी क्लार्ककडून. आरोपपत्र, कबुलीचा कागद, निकाल, केस मिटल्याचा हुकूम, सगळे. फोनमधले फोटो नकोत. क्लार्कच्या खिडकीत तुला रडू येईल, ते चालतं, तिथे पेपर नॅपकिन ठेवलेले असतात. मी दोनदा वापरलेत, तेही दुसऱ्यांच्या केससाठी!

जुन्या वकिलाने डिपोर्टेशनबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं, असं तू म्हणालीस. हेही नव्या वकिलाला सांग. २०१० च्या पडिया खटल्यापासून गुन्ह्याच्या वकिलावर हे बंधन आहे की परदेशी अशिलाला कबुलीआधी डिपोर्टेशनचा धोका सांगायचा. तो पडिया चाळीसहून जास्त वर्षं ग्रीन कार्डवर राहिलेला, व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकेच्या सैन्यात असलेला ट्रकचालक होता. त्याच्या वकिलाने त्याला ‘इतकी वर्षं आहेस, काळजी नको’ म्हणून सांगितलं होतं. अशी चूक सिद्ध करून जुनी कबुली रद्द करून घेता येते. पण ती कायद्यातल्या चुकीमुळे रद्द व्हावी लागते. ‘बिचारी सुधारली, तिची मुलं लहान आहेत’ म्हणून न्यायाधीशाने दया दाखवून पुसली, तर इमिग्रेशनची वही ते मानत नाही. या वाटेने जायचं की नाही ते वकिलाला ठरवू दे, कारण वेळ आणि पैसा दोन्ही लागतो.

अटी पुऱ्या झाल्या म्हणजे पानावर बसायला मिळालं. वाढायचं की नाही ते अजून न्यायाधीशाच्या हातात आहे. एका पारड्यात गुन्हे, दुसऱ्यात तुझं इथलं आयुष्य: किती वर्षं राहिलीस, मुलं, नवरा, काम, कर, लोकांसाठी काय केलंस, पुन्हा असं करणार नाहीस याचा भरवसा. मुलांच्या शिक्षिकांची पत्रं घे. गणपतीत मंडळाच्या स्वयंपाकघरात तू दोनशे माणसांची मसालेभाताची पातेली सांभाळतेस, त्याचं पत्र घे. पत्र लिहिणाऱ्याला गुन्हा माहीत असायला हवा, हे अवघड आहे, मला कळतं. पण काहीच माहीत नसलेल्याने ‘अतिशय प्रामाणिक’ म्हणून लिहिलं आणि कोर्टात त्याला विचारलं, तर पत्रही गेलं आणि मैत्रीही.

आणि तू काय सांगायचंस? इथे मी जरा कडक होणार आहे.

माझा थोरला आठ महिन्यांचा होता तेव्हा एका दुकानातून मी दहा पौंडांची कांद्याची पिशवी पैसे न देता बाहेर आणली होती. बाबागाडीच्या खालच्या जाळीत होती, वर त्याचं दुपटं. गाडीत सामान भरताना सापडली. भर उन्हात पोराला काखेत मारून, कांदे ओढत मी परत गेले आणि त्या दारावरच्या म्हाताऱ्याला माझ्या त्या वेळच्या इंग्रजीत सांगितलं, ‘आय स्टोल ओनियन्स!’ तो इतका हसला की त्यानेच पिशवी उचलून काउंटरपर्यंत नेली.

माझे कांदे चुकून आले होते. तुझं चुकून नव्हतं, आणि ते तुला माहीत आहे. एच-४ वर पाच वर्षं कामाची परवानगी नाही, एम.कॉम. झालेली बाई घरात बसलेली, नवरा रात्री नऊला येणार, त्या सेल्फ-चेकआउटपाशी दहा मिनिटं काहीतरी वेगळंच वाटायचं, हे तू मला रडत सांगितलंस ना? तेच सांगायचं. ‘स्कॅन व्हायचं राहिलं’ म्हणू नकोस. इमिग्रेशन न्यायाधीश जुना खटला पुन्हा चालवत नाही. तू दोषी आहेस हे धरूनच तो बसलेला असतो, आणि अजूनही सबबी सांगणारी बाई सुधारलीये असं त्याला वाटत नाही. समुपदेशनाला जात होतीस ते बंद का केलंस? पुन्हा सुरू कर. कोर्टासाठी तर करच, पण मला ते तुझ्यासाठी हवंय.

आणखी एक. ही सवलत जन्मात एकदाच वाढतात. पुढे दुसऱ्यांदा मिळत नाही.

आता तो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. तिथे या विषयावर एक अक्षर लिहायचं नाही आणि दुसऱ्यांच्या गोष्टींशी आपली ताडून बघायची नाही. कुणाच्या भावाला दारू पिऊन गाडी चालवताना धरलं आणि काही झालं नाही, असं कुणी सांगेल. साधी एकच केस असेल तर ते शक्य आहे, पण त्याचा कायदाच वेगळा. कुणी म्हणेल कोलोरॅडोत गांजाच्या गमीज कायदेशीर आहेत. राज्यात असतील, केंद्राच्या कायद्यात नाहीत, आणि इमिग्रेशन केंद्राचं. ज्यांच्याकडे ग्रीन कार्डच नाही त्यांची सुटकेची वाट तर फार अरुंद: दहा वर्षं वास्तव्य, चांगली वर्तणूक, इथल्या नागरिक किंवा ग्रीन कार्डवाल्या नवरा-मुलांना असामान्य हाल होतील याचा पुरावा, आणि वर्षाला देशभरात फक्त ४,००० जागा. तिथे साध्या चोरीनेही दार बंद होऊ शकतं.

एका जातीच्या केसबद्दल मात्र दोन वाक्यं जास्त लिहिते, कारण ग्रुपमधल्या एखादीला लागू असेल आणि ती बोलत नसेल. नवरा मारतो, बाई ९११ ला फोन करते, पोलीस येतात, नवऱ्याचं इंग्रजी सफाईदार, तिच्या नखांचा ओरखडा त्याच्या हातावर, आणि पोलीस तिलाच नेतात. असं घडतं, मी फाइली पाहिल्यात. घरच्या मारहाणीत दोषी ठरणं हे ग्रीन कार्डवालीलाही डिपोर्ट करायचं कारण आहे. पण मूळची मार खाणारी तीच होती असं दाखवता आलं, तर तिच्यासाठी कायद्यात माफीची वेगळी तरतूद आहे. नवरा नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला असेल, तर दहाऐवजी तीन वर्षांच्या वास्तव्यावर सुटकेचा अर्जही करता येतो. अशी कुणी दिसली, तर माझा नंबर दे.

घरातली कामं सांगते, फ्रिजवर लावून ठेव. न वाचता कशावरही सही नाही, कुणीही कितीही गोड बोलला तरी. पत्ता बदलला तर पाच दिवसांत कोर्टाला कळवायचं. सुनावणी चुकवायची नाही, ताप असला तरी, कारण गैरहजर राहिलं की तिथल्या तिथे हुकूम निघू शकतो. या कोर्टात सरकार फुकट वकील देत नाही, तेव्हा तुझ्या अहोंना सांग, गाडी बदलायचं पुढच्या वर्षी बघू. तुला विमानतळावरून घरी सोडलं, सगळ्यांना सोडत नाहीत. म्हणून पहिल्या तारखेला जायच्या आधी वकिलाला स्पष्ट विचार की अटकेचा धोका किती, आणि त्या दिवशी मुलांना शाळेतून कोण आणणार ते ठरवून ठेव. मी आणेन. शाळेच्या फॉर्मवर माझं नाव घाल.

आणि एक काम आजच. तू २०११ मध्ये आलीस त्याचा शिक्का जुन्या पासपोर्टवर आहे, आणि तो पासपोर्ट कोथरूडला आईच्या कपाटात आहे, असं तूच मागे म्हणाली होतीस. सात वर्षांचा हिशेब त्या शिक्क्यापासून सुरू होतो. आईला फोन कर. ती विचारेल कशाला हवा, आणि ‘असंच’ म्हटलेलं तिला पटणार नाही. ऑपरेशन होऊन तीन महिने झालेत, ती धड आहे, तुझ्या-माझ्यापेक्षा घट्ट आहे. सगळं सांगायचं की नाही ते तू ठरव, पण शिक्क्याच्या पानाचा फोटो आज हवा आणि पासपोर्ट कुरियरने. शनिवारी दहाला दोन्ही केसचे जेवढे कागद असतील तेवढे घेऊन ये. खायला काही करून आणू नकोस, मी थालीपीठं लावते.